रक्तांतला साक्षीदार



फुरसें डसलेल्या माणसास जी प्रतिविषाची सुई टोचतात, ती घोड्याच्या रक्तापासून केलेली असते. घोड्यास विषाची मात्रा थोडथोडी वाढवीत दिली, कीं त्याच्या रक्तांत त्या विषास गांठून निष्प्रभ करणारे प्रतिपिंड उत्पन्न होतात. १८९० सालीं बर्लिन येथें बेहरिंग व किताझातो यांनीं धनुर्वात आणि घटसर्प यांच्या बाबतींत हें तत्त्व सिद्ध केलें. मुंबईस परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसांत १८९९ मध्यें आलेल्या हाफकीन साहेबांच्या प्रयोगशाळेंत पुढें नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या विषावर असाच उतारा तयार होऊं लागला. तो किती घरांत दिवा राखून गेला, हें आम्हां कोंकणवासीयांस सांगावयास नको.

पण प्रतिपिंडाचा दुसरा उपयोग साक्षीदाराचा, आणि तिकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. विषमज्वराच्या रोग्याचा रक्तरस त्याच रोगाच्या जंतूंत मिसळला असतां जंतूंचे पुंजके होतात, यावर १८९६ सालीं फर्नां विडाल या फ्रेंच वैद्यानें निदानाची रीत उभारली. ‘विडाल’ हें माणसाचें नांव आहे असें वर्गांत सांगितलें, म्हणजे मुलें चकित होत! मात्र या परीक्षेनें पुष्कळांस नसलेला विषमज्वरहि चिकटविला. कारण जुन्या दुखण्याचे किंवा लशीचे प्रतिपिंड तीच साक्ष देतात. आमच्या दोडामार्ग तालुक्यांत २०१६ सालीं माकडताप उद्भवला, तेव्हां पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें रोग्यांच्या रक्तांतील प्रतिपिंडांचा कौल घेतला, तो याहून पुष्कळ सुधारलेल्या रीतीनें.

येथवर शोध रोग्याच्या स्वतःच्या प्रतिपिंडांचा. आतां उलट पाहूं. प्रयोगशाळेंतला प्रतिपिंड घेऊन त्याच्याकरवीं रक्तांतलें एखादें प्रथिन हुडकावयाचें, तर साक्षीदार एकवचनी हवा. घोड्याच्या वा सशाच्या रक्तांत प्रतिपिंडांची जत्रा भरलेली असते. १९७५ सालीं केंब्रिज येथें कोलर आणि मिलस्टाइन यांनीं प्रतिपिंड निर्माण करणारी उंदराची पेशी व न मरणारी अर्बुदपेशी यांचा संकर करून एकाच जातीचा प्रतिपिंड अखंड मिळविला. १९८४ मध्यें त्यांस, येर्ने यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळालें. या युक्तीचें पेटंट मात्र घेतलें गेलें नाहीं. जगाचा केवढा लाभ झाला!

अशा प्रतिपिंडानें जीं प्रथिनें सांपडूं लागलीं, त्यांत दाहाचा सांगावा नेणारें इंटरल्यूकिन-६ हें एक. ओसाका येथें हिरानो व किशिमोतो यांनीं १९८६ सालीं त्याचें जनुक वेगळें केलें. यकृतास ‘सीआरपी’ तयार करण्याची आज्ञा मुख्यतः हेंच देतें. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तरसांत तें फार तर कांहीं पिकोग्रॅम असतें, आणि पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्ष कोटीवा भाग! तें मोजावयाची रीत पाहण्याजोगी आहे. खळगे असलेल्या थाळीच्या तळाशीं एक प्रतिपिंड चिकटवितात. त्यावर रक्तरस घातला, कीं इंटरल्यूकिन तेवढें अडकतें, बाकीचें धुऊन जातें. मग त्याच प्रथिनाची दुसरी बाजू धरणारा दुसरा प्रतिपिंड सोडतात. त्यास जोडलेलें विकर रंग चढवितें. रंग जितका गडद, प्रथिन तितकें अधिक. विकर जोडण्याची ही कल्पना १९७१ सालीं स्टॉकहोमच्या एंगवाल बाई व त्यांचे गुरु पर्लमान यांनीं मांडली. ज्ञात प्रमाणाचे नमुने शेजारच्या खळग्यांत ठेवल्यावांचून मात्र त्या रंगास कांहीं अर्थ नाहीं.

करोनाच्या सांथींत हा आंकडा घरोघरीं पोहोंचला. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत टोसिलिझुमॅब मिळविण्यासाठीं लोक शहरोशहरीं वणवण फिरले. तें औषध म्हणजेहि एक प्रतिपिंडच. इंटरल्यूकिनाचा निरोप पेशीच्या ज्या दारांतून आंत शिरतो, तें दार तो अडवितो. इंटरल्यूकिन वाढलें म्हणून रोग कोणता तें कळत नाहीं. फुप्फुसदाह, संधिवात, भाजणें, मोठी शस्त्रक्रिया, सर्वांत तें वाढतें. आणि नातलगांस घाबरविणारी गोष्ट अशी, कीं हें औषध दिल्यावर रक्तांतला तो आंकडा बहुधा उतरत नाहीं, चढतो. दार बंद असल्यानें निरोप्ये बाहेरच खोळंबतात, आणि थाळींतला साक्षीदार त्यांची मोजदाद करीत राहतो.