गीतरामायण : मुळात अनेक गळ्यांचं

बुऱ्हाणपूर : रामनवमी जवळ आली की गीतरामायणाची आठवण निघतेच, आणि कानात आवाज येतो तो एकट्या सुधीर फडके यांचा. मुळात मात्र हे एका गळ्याचं काम नव्हतंच.

पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पहिलं गीत लागलं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली फडक्यांच्या. आठवड्याला एक या हिशेबाने गाणी ५२ व्हायची. मध्ये अधिक महिना आला, म्हणून ५६ झाली. शेवट १९ एप्रिल १९५६ ला, पुन्हा रामनवमीलाच.

दशरथ, कौसल्या, सीता, अगदी शूर्पणखासुद्धा, ज्याचं गाणं त्याच्या तोंडी. म्हणून रेडिओवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे असे वेगवेगळे आवाज आले. नावाड्यांचं आणि सेतू बांधणाऱ्या वानरांचं गाणं तर समूहाचंच.

पुढे फडके गावोगाव एकटेच सगळं गाऊ लागले, रेकॉर्डही त्यांच्याच आवाजात निघाल्या, आणि तीच पद्धत पडली. हौशी मंडळं आजही ‘एक चांगला गायक’ शोधत बसतात. खरं तर पाच-सहा गळे आणि मागे कोरस उभा केला, तर कार्यक्रम मूळ रेडिओच्या जास्त जवळ जाईल.