टिळकांची भजनं इलेक्ट्रिक गिटारवर? मराठी ख्रिस्ती रॉक अल्बम असा बनू शकतो

पुण्याच्या मंडईपासून जवळच, गुरुवार पेठेत पंचहौदचं चर्च आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाला लोकमान्य टिळक हजर होते आणि त्यावरून पुण्यात मोठं ग्रामण्य झालं. पण मराठी ख्रिस्ती गाण्यांचा विषय निघाला की नाव येतं दुसऱ्या टिळकांचं : रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९).

त्यांनी काय केलं?

१८९५ साली ते ख्रिस्ती झाले. इंग्रजी चालींवर भाषांतरित गाणी म्हणण्यापेक्षा त्यांनी अभंग, ओवी, भजन हे आपल्या मातीतले प्रकार निवडले. त्यांची कितीतरी गीतं मराठी चर्चमध्ये आजही ‘उपासना संगीत’मधून गायली जातात.

अमेरिकेत १९६९ साली लॅरी नॉर्मन यांनी ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम काढला. ख्रिस्ती रॉकच्या पहिल्या अल्बममध्ये तो मोजला जातो. रॉक हे सैतानाचं संगीत, असं तेव्हा अनेक चर्चवाले म्हणत. विचार मात्र टिळकांसारखाच : श्रद्धा जुनी, पण चाल लोकांच्या ओठांवरची.

मग भजनाचं रॉक होईल का?

होईल. भजनी ठेका आठ मात्रांचा. रॉकचा नेहमीचा चार ठोक्यांचा ताल दुप्पट मोजला की आठच होतात. आधी लय ठरवून कच्चं रेकॉर्डिंग करायचं. स्टुडिओत साधारणपणे ड्रम्स आणि बेस आधी, मग गिटार, शेवटी आवाज. त्यानंतर मिक्सिंग आणि मास्टरिंग.

खरी अडचण कुठे?

भजनाचा जीव शब्दांत असतो. गिटारच्या गोंगाटात शब्द बुडाले, तर उरतो नुसता आवाज. म्हणून मिक्सिंगमध्ये गायक पुढे हवा. पट्टीही अशी हवी की चर्चमधल्या आजींनाही सोबत गाता येईल.

परवानगी लागते का?

भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. टिळकांच्या हयातीत छापलेली गीतं त्यामुळे आता सर्वांसाठी खुली आहेत. पण एखाद्याने अलीकडे लावलेली चाल किंवा केलेलं रेकॉर्डिंग वापरायचं तर परवानगी हवीच. म्हणजे शब्द टिळकांचे घ्या, चाल स्वतःची लावा. टिळकांनीही उसन्या चालीवर समाधान मानलं नव्हतं.