गुडघ्याची बखर

तंजावरला पाहुणे आले की मी त्यांना आधी मोठ्या देवळात नेतो आणि मग सरस्वती महाल ग्रंथालयात. देवळाच्या प्राकारात १८०३ साली कोरलेले भोसले वंशचरित्र पाहून महाराष्ट्रातला माणूस हरखतो. एवढ्या दक्षिणेत, चोळांच्या देवळात, एवढा लांबलचक मराठी शिलालेख! तो कोरवून घेणाऱ्या दुसऱ्या सरफोजी राजांनी आणखी एक लेखन मागे ठेवले आहे, त्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. राजांना वैद्यकाचा नाद होता. धन्वंतरी महालात डोळ्यांचे रुग्ण तपासले जात, त्यांची टिपणे ठेवली जात. काही इंग्रजीत, काही मोडीत. रुग्णाची तक्रार काय, डोळा कसा दिसतो, औषध कोणते दिले, पुढे फरक काय पडला, हे सगळे त्यांत लिहिलेले. काहींबरोबर त्या त्या डोळ्याचे रंगीत चित्रही आहे.

वंशचरित्रात राजाला जे सांगायचे होते ते आहे. टिपणांत रुग्णाच्या डोळ्यात जे दिसले ते आहे. हा फरक मला फार उशिरा उमगला, आणि तो उमगायला माझा डावा गुडघा कारणी लागला.

सतराव्या वर्षी, पावसाने चिखल झालेल्या मैदानावर फुटबॉल खेळताना तो गुडघा मुरगळला. आतून टक् असा आवाज आला. रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. तेल, पट्टी, तीन आठवडे घरी. सूज उतरली आणि मी पुन्हा खेळायला लागलो. जिना उतरताना कधीकधी पाय आपला नसल्यासारखा वाटे, पण ते मी कोणाला सांगितले नाही. विसाव्या वर्षी एका संघाच्या निवडीसाठी गेलो. फुटबॉलच्या जोरावर नोकरी मिळायची होती. डॉक्टरांनी विचारले, पूर्वी काही दुखापत? मी म्हटले, नाही. दुसऱ्या हंगामात, आसपास एकही खेळाडू नसताना, नुसता वळलो आणि खाली बसलो. सगळे म्हणाले, अचानक झाले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मात्र म्हणाले, "हे आजचे नाही. लिगामेंट कधीच तुटलेले आहे. मेनिस्कस फाटलाय, कूर्चा झिजलीय. इतकी वर्षे खेळलात कसे?"

योगायोग असा, की देवळात शिलालेख कोरला गेला त्याच १८०३ साली लीड्सचे शल्यवैद्य विल्यम हेय यांचे शस्त्रक्रियेवरचे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी गुडघ्याच्या एका दुखण्याला 'आतला बिघाड' म्हटले आहे. बाहेरून गुडघा धड दिसतो, पण मध्येच अडकतो, दगा देतो. याहून नेमके नाव हेय देणार तरी कसे? डोळ्यात डोकावून पाहता येत होते, चित्र काढता येत होते. जिवंत माणसाच्या गुडघ्यात डोकावण्याची सोयच नव्हती.

ती सोय हळूहळू झाली. १८९५ साली क्ष-किरण सापडले, पण त्यात हाडे दिसतात. मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये गादीसारखा बसलेला मेनिस्कस दिसत नाही, आणि गुडघ्याच्या पोटात फुलीसारखी एकमेकांवरून जाणारी दोन लिगामेंटेही दिसत नाहीत. १८९७ साली ब्लँड-सटन या इंग्रज शल्यवैद्याने तर मेनिस्कस म्हणजे स्नायूचा निरुपयोगी अवशेष, असे लिहून टाकले. पुढे कित्येक दशके फाटलेला मेनिस्कस सरळ काढून टाकत आणि खेळाडू काही आठवड्यांत मैदानावर परतत. १९४८ साली फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांचे क्ष-किरण तपासले, तेव्हा हाडांच्या कडा बदललेल्या आणि सांध्यातली फट अरुंद झालेली दिसली. म्हणजे 'बरा' केलेला गुडघाही आतून हिशेब ठेवत होता. तिकडे टोकियोत ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, आणि १९६२ साली त्यांचे शिष्य वातानाबे यांनी दुर्बिणीतून फाटक्या मेनिस्कसचा तेवढाच तुकडा काढला.

त्याच १९६२ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी इंग्लंडात सन्डरलँडचा ब्रायन क्लफ गोलरक्षकावर आदळून पडला. २७४ लीग सामन्यांत २५१ गोल करणारा हा खेळाडू नंतर मोजून तीन सामने खेळू शकला. तुटलेल्या क्रूसाकृती लिगामेंटवर तेव्हा खात्रीचा उपाय नव्हता. क्लफ पुढे नावाजलेला प्रशिक्षक झाला, पण खेळाडू म्हणून त्याची गोष्ट सत्ताविसाव्या वर्षीच संपली.

१९८० च्या दशकात एमआरआय आले आणि गुडघा न कापता, न टोचता आतून दिसू लागला. मग तर कोणतेही नुकसान लपायला नको होते. पण झाले वेगळेच. एप्रिल २००० हा एकच महिना पाहा. १२ तारखेला रोममध्ये इंटर मिलानचा रोनाल्डो पाच महिन्यांच्या उपचारांनंतर मैदानात उतरला आणि दहा मिनिटांच्या आत, कोणी हात न लावता, कोसळला. वाटीखालची कंडरा आधीच्या नोव्हेंबरात फाटली होती, आता ती पुरती तुटली. त्याच गुडघ्यावर १९९६ साली, तो आइंडहोव्हनच्या पीएसव्ही क्लबात असताना, शस्त्रक्रिया झाली होती. त्याच महिन्यात त्याच पीएसव्हीचा रुड व्हान निस्टलरॉय मँचेस्टर युनायटेडला विकला जायचा होता. वैद्यकीय तपासणीत युनायटेडच्या डॉक्टरांना त्याच्या गुडघ्याची शंका आली. त्यांनी आणखी चाचण्या मागितल्या, पीएसव्हीने नकार दिला, सौदा फिसकटला. लगोलग सरावात उडी मारून खाली येताना त्याचे लिगामेंट तुटले.

डॉक्टरांची शंका खरी ठरली, असे म्हणून इथे थांबता येईल. पण मला प्रश्न दुसराच पडतो. सरफोजींच्या दवाखान्यात आलेला माणूस बरे व्हायला येत होता. जितके खरे सांगेल तितका त्याचा फायदा. क्लबाच्या तपासणीला आलेला माणूस विकला जायला येतो. जितके खरे सांगेल तितकी त्याची किंमत कमी. तपासणी तीच, टिपणही तेच, पण प्रामाणिकपणाचा भाव उलटा. खेळाडू लपवतो, विकणारा क्लब लपवतो, आणि सुई टोचून रविवारचा सामना निभावून नेतो तो संघही लपवतच असतो. यंत्राने हे बदलत नाही.

शिवाय यंत्राचे बोलणेही पुरते समजून घ्यावे लागते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या ९९१ जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले. २००८ साली निष्कर्ष आले. ज्यांचा मेनिस्कस फाटलेला आढळला त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याची काहीच तक्रार नव्हती. म्हणजे चित्रात फाटलेले दिसले म्हणून माणूस निकामी होत नाही. पण उलटही खरे आहे. स्वीडनमध्ये लिगामेंट तुटलेल्या महिला फुटबॉलपटू बारा वर्षांनी तपासल्या. सरासरी वय ३१, आणि क्ष-किरणात निम्म्या जणींच्या गुडघ्यांत संधिवात. म्हणजे चित्रावरून चांगला खेळाडू नाकारला जाऊ शकतो, आणि चित्र दडवले तर तिशीत म्हातारपण येऊ शकते. खेळाडूला ही दोन्ही भये एकदम वागवायची असतात.

निस्टलरॉयची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. वर्षभराच्या उपचारांनंतर, २००१ साली, युनायटेडनेच त्याला घेतले. आता लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते. त्या गुडघ्यावर तो पाच हंगाम खेळला आणि २१९ सामन्यांत १५० गोल केले. अर्थात त्याला वर्षभर थांबणारे लोक होते. आमच्याकडच्या मुलाला निवड चाचणीच्या रांगेत कोण थांबते?

हे सगळे आठवायचे कारण माझा भाचा. एकोणीस वर्षांचा आहे, चेन्नईला एका क्लबाच्या चाचणीला जायचा आहे. परवा घरी आला तेव्हा जिना उतरताना कठड्याला धरून उतरला. मी पाहिले, आणि मी पाहिले हे त्यानेही पाहिले. जेवण झाल्यावर फॉर्म काढून बसला.

"मामा, इथे 'पूर्वीच्या दुखापती' असा रकाना आहे. काय लिहू?"

"दुखतंय कधीपासून?"

"पोंगलपासून. पण आता बरं आहे. तुम्ही काय लिहिलं होतं?"

"मी 'नाही' म्हटलं होतं."

तो गप्प बसला. खरे लिही, असे सांगणे सोपे आहे. पण खरे लिहिल्याची किंमत त्याला मोजावी लागणार, मला नाही. मी एवढेच म्हटले, आधी आपण तिरुच्चीला जाऊन एमआरआय काढू. तो रिपोर्ट क्लबासाठी नाही, तुझ्यासाठी. त्यात काय आहे ते कळल्यावर रकान्यात काय लिहायचे ते तू ठरव.

त्या रात्री मी एक कोरा कागद घेतला आणि माझ्या गुडघ्याचे टिपण लिहून काढले. कोणत्या वर्षी, कोणत्या मैदानावर, आवाज कसा आला, सूज किती दिवस होती, कोणाला काय सांगितले आणि काय सांगितले नाही. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा एका जागी लिहिले गेले. सकाळी तो कागद भाच्याच्या फाइलीत ठेवला. त्याने वाचला, घडी केली, आणि गुडघ्याला पट्टा न बांधता माझ्याबरोबर तिरुच्चीच्या बसमध्ये चढला.