तळ्यावरचा बर्फ आणि दुपारचा भाव

बसमध्ये हेडफोन विसरलेल्या सगळ्यांसाठी, हा घ्या आजच्या भागाचा लेखी मजकूर.

सुरुवात एका व्हॉट्सॲप व्हिडिओपासून. माझा शाळेतला मित्र, आमच्या मेहकरचाच, कंपनीच्या कामाने अमेरिकेत मिनेसोटाला गेलाय. जानेवारीत त्याने व्हिडिओ पाठवला. पांढरंशुभ्र मैदान, त्यावर गाडी उभी, आणि हा गडी खुर्ची टाकून बसलेला. पायाशी बर्फात वीतभर भोक, त्यात गळ सोडलेला. खाली मेसेज: "पाय बे, तळ्यावर बसून मासे धरून रायलो!"

मी घरी लॅपटॉपसमोर, स्वेटरसुद्धा न घालता. पहिला प्रश्न इंजिनिअरचाच पडला: तळं गोठलं, तर मासे जिवंत कसे?

उत्तर सोपं आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. ते तळाशी बसतं. त्याहून थंड पाणी हलकं, म्हणून वर येतं आणि गोठतं. वरचा बर्फ मग गोधडीसारखं काम करतो. खाली मासे सुस्तावतात, पण जगतात. माणसाला चालायला किमान ४ इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा असं तिथे सांगतात. गाडीला अर्थातच त्याहून बराच जाड.

गळाला काय लागतं? ब्लूगिल, क्रॅपी, पर्च असे छोटे मासे. अख्खे तव्यात मावतात, म्हणून त्यांना 'पॅनफिश' म्हणतात. आणि मानाचा मासा वॉलआय. मांजरासारखे चमकणारे डोळे, अंधुक उजेडात शिकार करतो, म्हणून लोक संध्याकाळी त्याच्यासाठी दबा धरून बसतात. आज हा हौसेचा खेळ झालाय, पण तिथले ओजिब्वे आदिवासी पूर्वीपासून पोटासाठी हे करत आलेत. बर्फाला भोक पाडायचं, डोक्यावरून पांघरूण घेऊन उजेड अडवायचा, लाकडी मासा पाण्यात नाचवायचा आणि खरा मासा जवळ आला की भाला मारायचा.

आता म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? ऐका तर.

बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याला वाटलं, तळ्यावरचा हा फुकटचा बर्फ गरम देशांत विकला तर? लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण १८३३ साली त्याचं 'टस्कनी' जहाज साधारण १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, आणि फ्रीज नावाची वस्तू जगात नाही! तरी जवळपास १०० टन बर्फ शाबूत पोचला. युक्ती काय? लाकडाचा भुसा आणि घट्ट रचलेल्या लाद्या. बस.

पाठोपाठ मुंबई. फोर्टात सेंट अँड्र्यूज चर्चजवळ बर्फ साठवायचं गोदाम उभं राहिलं. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी 'मुंबई समाचार'ने दिल्याचं सांगतात. मद्रासचं बर्फगोदाम तर आजही उभं आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले, म्हणून आज त्याचं नाव विवेकानंदर इल्लम. आपल्या हिवरा आश्रमाच्या यात्रेला जाणाऱ्यांनो, हे लक्षात ठेवा.

आणखी गंमत. हेन्री डेव्हिड थोरोच्या १८५४ च्या 'वॉल्डन' या पुस्तकात हिवाळ्यातल्या तळ्याचं एक प्रकरण आहे. त्यात बर्फाला भोक पाडून मासे धरणारे कोळी आहेत, आणि बर्फ कापायला आलेले शंभर मजूरही. हे पाणी मुंबई-कलकत्त्याचे लोक पितील, असा विचार त्याच्या मनात येतो. प्रत्यक्षात त्या ढिगातला बराचसा बर्फ तिथेच वितळून परत तळ्यात गेला. पण मासेमारी आणि मुंबई एकाच प्रकरणात!

म्हणजे तळ्यावरचा बर्फ मुंबईत पोचला होता. कोणासाठी? साहेबांच्या ग्लासासाठी, शेटजींच्या मेजवानीसाठी. कोळणीच्या टोपलीसाठी नाही. तिच्या हातात मीठ आणि ऊन होतं. म्हणून आमच्या वऱ्हाडात समुद्र पोचला तो सुकट आणि बोंबील होऊन.

इथे मला मेहकरचा बाजार आठवतो. पैनगंगेचे, कोराडी धरणाचे मासे घेऊन भोई काका सकाळी बसायचे. बाबा मला घेऊन मुद्दाम बारानंतर जायचे. म्हणायचे, "आता भाव उतरते." खरंच उतरायचा. रोहू सकाळी ज्या भावाला, त्याच्या निम्म्याला दुपारी. मरळ मात्र उतरायची नाही. ती वरची हवा घेऊन श्वास घेते, टबात थोड्या पाण्यात दिवसभर जिवंत राहते. काकांना तिची घाई नसायची, म्हणून आवाजही कडक असायचा. रोहूच्या वेळी तोच आवाज मऊ व्हायचा.

तेव्हा मला वाटायचं, बाबा हुशार आहेत. आज कळतं, आम्ही माशाचा नाही, उन्हाचा फायदा घेत होतो. त्यांच्याकडे बर्फ असता तर ते म्हणाले असते, "नाही परवडत ना? राहू द्या."

बर्फ म्हणजे नुसता थंडावा नाही, तो वेळ आहे. आणि ज्याच्याकडे वेळ, त्याच्याकडे भाव. मिनेसोटातल्या माणसाच्या पायाखाली तो फुकट पसरलेला असतो. आमच्या भोई काकांना तो लादीच्या दराने विकत घ्यावा लागतो, तोही मिळाला तर.

मित्राला मी हे सगळं लिहिलं. तो म्हणाला, "मी तं पकडलेले परत सोडून देतो बे."

हिवाळ्यात घरी आलो की बाजारात जातो. आता सकाळीच.

तुमच्या गावच्या बाजारात दुपारी काय स्वस्त होतं, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!