तुकोबारायांचा शोक आणि पालखीची वाट

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची पालखी निघते. पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम करत ती बारामतीत येते. पुढे काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या गावांवरून इंदापूर गाठते आणि सराटीला नीरेच्या काठी पुणे जिल्ह्याचा निरोप घेते. या वाटेने आपण पांडुरंगाला भेटायला चालतो. पण ज्यांच्या पादुका पालखीत असतात, त्यांच्या मनावर एके काळी काय कोसळले होते आणि ते त्यातून कसे उठले, याचा विचार चालता चालता कितीजण करतात?

हे आज लिहावेसे वाटते त्याला कारण आहे. मनाच्या आजारांविषयी आता उघड बोलले जाते, ही चांगलीच गोष्ट आहे. वारकऱ्यांच्या घरांत मात्र अजूनही अशी माणसे आहेत की ज्यांची झोप उडाली, जेवण तुटले, बोलणे थांबले, तरी त्यांना "नाम घे, सगळे ठीक होईल" एवढेच सांगितले जाते आणि विषय संपतो. माळकऱ्याच्या घरी असला आजार म्हणजे भक्तीत काही कमी पडले, अशी लाजही त्यामागे असते. तुकोबारायांचे चरित्र नीट वाचले तर ही लाज टिकत नाही.

तुकोबा सुखवस्तू घरचे होते. महाजनकी होती, वाण्याचा व्यापार होता. तारुण्याच्या उंबरठ्यावर आईवडील गेले. वडीलबंधू सावजी बायको वारल्यावर घर सोडून तीर्थाटनाला निघून गेले. पुढे १६३०च्या सुमाराचा तो महाभयंकर दुष्काळ आला. थोरली पत्नी रखुमाई गेली, मुलगा संतू गेला, व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. कर्जाने खचलेला शेतकरी आणि दुकान बुडालेला व्यापारी आजही आपल्या गावात दिसतो. तुकोबा त्या जागी उभे राहून आलेले आहेत.

चरित्रकार सांगतात, की ते डोंगरावर एकटे जाऊन बसले आणि धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत तिथे गेले. या गोष्टीतल्या कान्होबांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. खचलेला माणूस स्वतः उठून मदत मागायला येत नाही, कोणीतरी त्याला शोधत जावे लागते.

नंतरचे तर तुकोबारायांनीच सांगितले आहे. संतांनी विचारले म्हणून त्यांनी एका अभंगात आपली हकीकत दिली. तिथे त्यांनी काही झाकलेले नाही. दुष्काळाने द्रव्य आणि मान दोन्ही नेले, बायको अन्नावाचून गेली, जगाची लाज वाटू लागली, हे ते स्वतःच्या तोंडाने सांगतात. मग मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त करावेसे वाटले. आरंभी एकादशीला कीर्तन करू लागलो, पण अभ्यासात चित्त नव्हते, हीही कबुली आहे. संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. देह झिजवून जमेल तसा उपकार केला. स्वप्नात गुरुकृपा झाली ती यानंतर, आणि कवित्वाची स्फूर्ती त्याच्याही नंतर.

हा क्रम लक्षात घ्या. आधी हाताला काम, मग आठवड्यापक्षाचा नेम, मग पाठांतर, मग चार माणसांची संगत, मग दुसऱ्यासाठी कष्ट. चित्त लागत नसतानाच त्यांनी सुरुवात केली. मन बरे झाले की देवळात येईन, असे ते थांबून राहिले नाहीत. आणि सगळे एका दिवसात झाले, असेही त्यांनी कुठे म्हटलेले नाही. पुढे अभंगांच्या वह्या पाण्यात बुडाल्या, तेव्हा पुन्हा मन दुखावले, हेही त्याच अभंगात आहे. एकदा सावरलेला माणूस पुन्हा खचू शकतो, आणि त्यात कमीपणा नाही.

धृपद धरणे म्हणजे काय, हे टाळकऱ्याला वेगळे सांगायला नको. पुढे गाणारा चाल उचलतो आणि मागची रांग धृपद झेलते. ज्याला चरण येत नाही, सूर नाही, त्यालाही त्या रांगेत जागा असते. तो चुकला तरी शेजारच्यांच्या आवाजात सांभाळला जातो. कीर्तनात उभ्याने आयुष्य गेले, त्यामुळे एवढे खात्रीने सांगतो, की मागच्या रांगेत गप्प उभा असलेला माणूस पहिल्या दिवशी नुसते ओठ हलवतो, आणि आठ-दहा दिवसांनी त्याचा आवाज ऐकू येतो. कोणी त्याला उपदेश केलेला नसतो, रांगेत उभे केलेले असते एवढेच.

तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज पित्याच्या वैकुंठगमनानंतर जन्मले. वडिलांना त्यांनी पाहिलेच नव्हते. त्या नारायण महाराजांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून पंढरीला नेण्याचा सोहळा सुरू केला. न पाहिलेल्या पित्याच्या पादुका, आणि त्यांच्याबरोबर चालणारा समाज. आजही घरात कोणी गेले की त्या वर्षी वारीला निघणारी माणसे असतात. घरात ज्याचे नाव काढले की सगळे गप्प होतात, त्याचे नाव दिंडीत सहज निघते. "मागच्या साली आमचे आप्पा होते बरोबर," असे म्हणत म्हणत चार कोस सरतात.

बारामती-इंदापूरच्या टप्प्यात तर सगळा गावगाडा या सोहळ्यात उतरतो. काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढपाळ पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण करतात. बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होते. पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी धावतात, मग अश्व धावतात आणि टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. सत्तरीची म्हातारी तुळस डोक्यावर घेऊन धावते, तेव्हा तिचे गुडघे, तिची सून, तिचे कर्ज थोडा वेळ तरी मागे पडते. २०२० आणि २०२१ साली महासाथीमुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि या मैदानांत रिंगण झाले नाही. घरोघरी हरिपाठ तर चालूच होता. चुकली ती पायांची चाल आणि माणसांची गर्दी. ती किती मोलाची होती, हे त्या दोन आषाढांत वृद्धांना कळले.

माउलींच्या सोहळ्यात याहून स्पष्ट रीत आहे. समाजआरतीच्या वेळी ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ थांबत नाहीत. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, तेव्हा टाळ शांत होतात. दुःख असलेल्याने वाजवत राहावे आणि ऐकणाऱ्याने चालत त्याच्यापर्यंत जावे, अशी ही शिस्त आहे. ती घरात आणली तर?

बारामती ही मोरोपंतांचीही भूमी. १७२९ साली पन्हाळगडी जन्मलेले पंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी राहिले आणि १७९४ साली इथेच देह ठेवला. विद्वान, मानमरातब असलेले, पुराण सांगणारे पंडितकवी. तरी त्यांनी उतारवयात देवापुढे मन मोकळे केले आणि त्या काव्याला नाव दिले केकावली. केका म्हणजे मोराचा टाहो. विद्वत्तेला टाहो फोडण्याची लाज वाटली नाही, मग आपणच का वाटून घ्यावी?

आता औषधाविषयी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. दैवव्यपाश्रय, म्हणजे मंत्र, नियम, उपवास, तीर्थगमन. युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार आणि औषध यांची योजना. आणि सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे. तिन्ही शेजारी शेजारी ठेवली आहेत, एकाने दुसऱ्याला हटवलेले नाही. नाम घेणाऱ्याने मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालू नये असे आपण म्हणत नाही. मग महिनाभर न झोपलेल्या, जीव नकोसा झालेल्या माणसाला डॉक्टरकडे नेताना आपला पाय का अडतो?

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. कोणी मरणाची भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच्याजवळ बसा, हा क्रमांक फिरवा, दवाखान्यात घेऊन चला.

वारीला निघणाऱ्यांना आणखी एक सांगणे. मनाच्या आजारावरच्या गोळ्या वारीत किंवा एकादशीला बंद करू नका. गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही. अशी काही औषधे चालू असताना उन्हात पाणी कमी पडले तर अपाय होतो आणि जागरणानेही आजार उलटतो. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, गोळ्या पुरतील एवढ्या बरोबर घ्या आणि दिंडीतल्या एका जवळच्या माणसाला ते ठाऊक असू द्या.

यंदा पालखी बारामतीहून पुढे निघाली, की आपल्या दिंडीत मागे मागे राहणारा कोण आहे, ते पाहा. त्याच्या हातात टाळ द्या आणि धृपदाच्या रांगेत आपल्या शेजारी उभा करा. संध्याकाळी मुक्कामाला त्याच्याजवळ बसा, तो बोलेल तेवढे ऐका, आणि त्याची गोळी घेऊन झाली का, तेही विचारा.

रामकृष्ण हरी.