एका गुणसूत्रासाठी थांबलेलं यीस्ट

तुम्ही १९७० साली सिॲटलमध्ये उतरता. वॉशिंग्टन विद्यापीठात लेलंड हार्टवेल यांची प्रयोगशाळा आहे. दार उघडताच पाव आंबवताना येतो तो वास नाकात शिरतो. साहजिकच आहे, इथे वाढतंय ते पावाचंच यीस्ट. त्याचे हजारो वाण रसायन वापरून मुद्दाम बिघडवलेले आहेत. त्यातले कामाचे वाण २३ अंश सेल्सिअसला सुखाने वाढतात आणि ३६ अंशांना अडतात.

ब्रायन रीड हा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकातून फोटो काढतोय. त्याच्या शेजारी बसा. बशी गरम इनक्युबेटरमध्ये जाताना एक फोटो आणि काही तासांनी त्याच पेशींचा दुसरा. हे यीस्ट मधोमध दुभंगत नाही. त्याला कळी फुटते, ती वाढते आणि शेवटी सुटी होते. कळी केवढी झाली यावरून विभाजन कुठवर आलंय ते नुसत्या नजरेने सांगता येतं. बहुतेक फोटोंत लहानमोठ्या कळ्यांची सरमिसळ दिसते. मग एखादा वाण असा येतो की दुसऱ्या फोटोत झाडून साऱ्या पेशी डमरूच्या आकारात अडकलेल्या असतात, सगळ्यांची कळी तेवढीच मोठी. म्हणजे बिघडलेलं जनुक विभाजनाच्या नेमक्या एका पायरीवर लागतं. अशा जनुकांना पुढे सीडीसी हे नाव मिळालं आणि २००१ साली हार्टवेल यांना पॉल नर्स व टिम हंट यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पण पेशी अडकली कशात? ते या फोटोंत दिसत नाही. चार-पाच वर्षं पुढे सरका, त्याच विद्यापीठात. ब्रेक बायर्स आणि लोरेटा गोएट्श यीस्टचे अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघताहेत. वाकून तुम्हीही बघा. आपल्या पेशींत विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळून जातं, इथे ते शाबूत आहे. त्या आवरणातच थराथरांच्या दोन चकत्या बसवलेल्या आहेत आणि त्यांच्यातून जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या निघाल्या आहेत. शाळेच्या पुस्तकातले तुर्कतंतू ते हेच. दोन चकत्या आणि त्यांच्यामधल्या नळ्या मिळून स्पिंडल होतो. त्याची लांबी या टप्प्यावर दोन मायक्रोमीटरच्या आतबाहेर.

काप मेलेल्या पेशीचा असतो. हालचाल बघायची तर जिवंत पेशीतच शिरायला हवं.

शिरलात? तीस अंशांना, भरपूर खाऊ असताना, या पेशीला एका विभाजनाला दीडेक तास लागतो. तुमच्याभोवती १६ गुणसूत्रं आहेत, प्रत्येकाची नुकतीच जुळी प्रत झालेली आणि दोन्ही प्रती कोहेसिन या प्रथिनाने एकमेकींना बांधलेल्या. चकत्यांमधून नळ्या वाढतात, अचानक आखडतात, पुन्हा वाढतात. हे सगळं चाचपडणं आहे. गुणसूत्राला पकडायची जागा एकच आणि यीस्टमध्ये तिला नळीही एकच लागते. म्हणजे ही एक पकड चुकली तर सावरून घ्यायला दुसरी नळी नाही.

ती बघा एक चूक. दोन्ही जुळ्या प्रती एकाच चकतीकडच्या नळ्यांनी पकडल्या. पकड घट्ट आहे, पण ताण नाही, कारण पलीकडून कोणी ओढतच नाही. आयपीएल-१ हे विकर अशी ताण नसलेली पकड सैल करतं. नळी सुटते, चाचपडणं पुन्हा सुरू होतं. या वेळी दुसऱ्या बाजूची नळी येते, दोन्हीकडून ओढ बसते आणि पकड टिकते.

आता १९९१ साल. बाहेरून बेनोमिल टाकलं जातंय. हे बुरशीनाशक आहे. त्याचं विघटन होऊन जे कार्बेन्डाझिम बनतं, ते नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना चांगलं ठाऊक आहे. ते नळ्यांच्या मूळ प्रथिनाला चिकटतं. तुमच्याभोवतीच्या नळ्या खुरटतात, गुणसूत्रं मोकळी पडतात. आणि पेशी थांबते. ओढण्यापेक्षा हे थांबणं मला अधिक थोर वाटतं. रिकाम्या पकडजागेवर एमएडी-१ आणि एमएडी-२ ही प्रथिनं येऊन बसतात. एमएडी-२ पुढे सीडीसी-२० या प्रथिनाला अडवतं, आणि सीडीसी-२० अडलं की कोहेसिन कापणारं विकर बांधलेलंच राहतं. सोळांपैकी एक गुणसूत्र मोकळं असलं तरी उरलेली पंधरा त्याच्यासाठी थांबतात.

शेजारच्या पेशीत डोकवा, तिचं एमएडी-२ मोडलंय. ती थांबत नाही. गुणसूत्रांची वाटणी कशीही होते आणि ती मरते. अशाच न थांबणाऱ्या पेशी निवडून सॅन फ्रान्सिस्कोत राँग ली आणि अँड्र्यू मरे यांनी एमएडी जनुकं शोधली, तर बाल्टिमोरमध्ये अँड्र्यू हॉइट आणि सहकाऱ्यांनी बीयूबी जनुकं. दोन्ही निबंध 'सेल' या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले.

बेनोमिल धुऊन निघालं. शेवटचं गुणसूत्र पकडीत आलं. सीडीसी-२० सुटतं, विकर मोकळं होतं, कोहेसिन तुटतं आणि सगळ्या जोड्या जवळजवळ एकदमच फुटतात. मधल्या नळ्यांवरची किनेसिन प्रथिनं चकत्यांना लांब ढकलतात. कळीच्या भिंतीकडून डायनीन हे प्रथिन केंद्रकाबाहेरच्या नळ्यांना ओढतं. केंद्रक ताणलं जातं आणि एक टोक अरुंद मानेतून कळीत घुसतं. दोन मायक्रोमीटरचा स्पिंडल काही पटींनी लांबतो.

हॉइट यांच्या यादीतल्या बीयूबी-२ चं काम आता येतं. कळीत चकती पोहोचली नसेल, सारा पसारा आईकडेच लांबला असेल, तर ते पेशीला विभाजन संपवू देत नाही. तुमच्या पेशीत चकती पोहोचलेली आहे. बीयूबी-२ माघार घेतं, नळ्या सुट्या होतात, मान बंद होते. आईला लगेच नवी कळी धरता येते. लेक अजून लहान आहे, तिला आधी वाढावं लागेल.