सर्वेक्षणातला आकडा नेमकं काय सांगतो? मापनाच्या चार श्रेणी

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी घ्यायला आलेल्या ग्राहकांना समजा तीन प्रश्न विचारले. कुठून आलात? लाकडी फळांचा संच किती आवडला? खरेदी किती रुपयांची केली? तिन्ही उत्तरं आकड्यांत लिहिता येतात, पण तिन्ही आकड्यांवर एकच गणित चालत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाच्या चार श्रेणी मांडल्या. मार्केट रिसर्चमध्ये आजही त्या वापरतात.

१. नामदर्शक श्रेणी
इथे आकडा म्हणजे फक्त नाव. गोवा = १, कोल्हापूर = २, मुंबई = ३. कुठून किती जण आले ते मोजता येतं, पण या आकड्यांची सरासरी निरर्थक ठरते.

२. क्रमदर्शक श्रेणी
इथे वर-खाली कळतं, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर कळत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या पसंतीत किंचित फरक असेल, दुसऱ्या आणि तिसऱ्या पसंतीत खूप.

३. अंतर श्रेणी
इथे पायऱ्या समान असतात, पण शून्य सोयीसाठी ठरवलेलं असतं. उदाहरणार्थ, सेल्सिअस तापमान. ३० अंश म्हणजे १५ अंशांच्या दुप्पट उष्णता नव्हे.

४. गुणोत्तर श्रेणी
इथे शून्य म्हणजे खरोखर काहीच नाही. रुपये, वजन, नगसंख्या. ६०० रुपयांची खरेदी ३०० च्या दुप्पट असतेच.

गंजिफातलं उदाहरण
सावंतवाडीच्याच दशावतारी गंजिफात १० अवतारांचे १० रंग आणि प्रत्येकाची १२ पानं, अशी १२० पानं असतात. मत्स्य, कूर्म ही झाली नावं. राजा, त्याखाली प्रधान, मग १ ते १० ची पानं, हा झाला क्रम. गंमत अशी की निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. म्हणजे आकड्याची किंमत नियम ठरवतो.

स्टार रेटिंगची सरासरी
'अजिबात आवडलं नाही' ते 'खूप आवडलं' ही पाच पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या श्रेणीवरून रूढ झाली. काटेकोरपणे पाहिलं तर असं एक उत्तर क्रमदर्शकच असतं. तरी व्यवहारात त्याची सरासरी सर्रास काढतात.

समजा, फळांच्या संचाला पाच जणांनी ५ आणि पाच जणांनी १ गुण दिला. सरासरी ३, म्हणजे 'ठीकठाक'. पण 'ठीकठाक' असं एकही ग्राहक म्हणालेला नाही! या सरासरीवर विसंबून कारागिराने संच बंद केला, तर त्यावर खूश असलेले निम्मे ग्राहक हातचे जातील. प्रत्येक गुण किती जणांनी दिला हे पाहिलं, तर नावड नेमकी कोणाची आणि कशामुळे, हा पुढचा प्रश्न विचारता येतो.

म्हणून ऑनलाइन खरेदी करताना ४.२ स्टार दिसले, की त्याखालचे ५ ते १ स्टारचे पट्टेही बघा. खरी माहिती तिथे असते.